दसऱ्याचा झेंडू: तयार रोप जमिनीत कधी लावायचं आणि कसं



दहा गुंठ्यांतल्या झेंडूचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, बी टाकलंय, रोपं मस्त आलीत, आता लावू का?" रोप केवढं आहे, किती पानं आहेत, फोटोत कसं दिसतंय, हे सगळे सांगतात. फुलं कुठल्या दिवशी विकायची आहेत, हे मात्र कुणीच सांगत नाही. आणि "लावू का" या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या दिवसात आहे.

धंद्याच्या भाषेत बोलायचं तर सणाचा झेंडू हा डिलिव्हरी डेटचा माल आहे. दसऱ्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात जो माल पोचला, त्याला गिऱ्हाईक असतं. दसऱ्याच्या दुपारनंतर त्याच फुलांकडे कुणी ढुंकून बघत नाही. किराणा मालासारखा पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येईल असा हा स्टॉक नाही. म्हणून लागवडीची तारीख रोपाकडे बघून ठरवायची नाही. आधी बाजाराकडे बघायचं, तिथून उलटं मोजत यायचं आणि त्या दिवशी बरोबर वयाचं रोप हातात असेल अशी व्यवस्था करायची.

उलटी मोजणी

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, दसरा २० ऑक्टोबरला आहे. गेल्या वर्षी तो २ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला. म्हणजे "आम्ही दरवर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लावतो" असं म्हणणाऱ्याचा माल एका वर्षी वेळेवर निघेल, दुसऱ्या वर्षी दोन-तीन आठवडे चुकेल.

आता मोजू. आफ्रिकन झेंडूचे जे संकरित वाण आपल्याकडे पावसाळ्यात लावतात, ते लागवडीपासून साधारण ५० ते ५५ दिवसांत फुलावर येतात. शेंडा खुडला तर आणखी आठवडाभर धरा. म्हणजे झाले ६० दिवस. हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. वाण, जमीन आणि पाऊस यांप्रमाणे तो पुढं-मागं होतो. तुमच्या वाणाचे दिवस बियाण्याच्या पाकिटावर बघा आणि तुमच्याच भागात तो वाण गेल्या पावसाळ्यात लावलेल्या एखाद्या काकांना विचारा. विचारताना "पावसाळ्यात" हा शब्द विसरू नका. आफ्रिकन झेंडू दिवस लहान व्हायला लागले की लवकर कळी धरतो, त्यामुळे मे महिन्यात लावलेल्या प्लॉटचे दिवस ऑगस्टच्या प्लॉटला लागू पडत नाहीत. सरकारी सरळ वाणांचं तर वेगळंच गणित असतं. पुसा नारंगी गेंदा हा वाण फुलावर यायला पेरणीपासून चार महिने घेतो. तो चांगला वाण आहे, पण तो घेऊन संकरित वाणाची मोजणी लावलीत तर दसऱ्याला नुसती हिरवीगार झाडं बघत बसाल.

पुढचा मुद्दा पहिल्या तोड्याचा. पहिला तोडा हलका असतो, झाडावर चार-दोन फुलं. खरा माल तिसऱ्या-चौथ्या तोड्याला निघतो आणि दोन तोड्यांत तीन-चार दिवसांचं अंतर असतं. म्हणून पहिलं फूल दसऱ्याला आणायचं नाही, त्याच्या बारा-तेरा दिवस आधी आणायचं. यंदा ते ७ ऑक्टोबरच्या सुमाराला येईल. पुढचा तोडा १० तारखेला, म्हणजे ११ तारखेच्या घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. त्यानंतरचा १४ ला, आणि भरघोस तोडा १७-१८ ला. हा झाला दसऱ्याचा माल.

७ ऑक्टोबरपासून ६० दिवस मागे गेलो की ८ ऑगस्ट येतो. ही लागवडीची तारीख. तीन-चार दिवस अलीकडे-पलीकडे चालेल. प्रो-ट्रेमधलं रोप २२-२३ दिवसांत लावायला येतं, म्हणजे बी टाकायचं १६ जुलैच्या आसपास. रोपं रोपवाटिकेतून विकत घेणार असाल तर बुकिंग त्याच्याही आधी.

आता पंचांगाची एक गंमत सांगतो. आषाढ अमावास्या, म्हणजे आपली दिव्यांची अवस, यंदा १२ ऑगस्टला आहे. तिथून दसऱ्यापर्यंत ६९ दिवस होतात. २०२४ मध्येही ६९ होते, २०२५ मध्ये ७०. त्यामुळे ज्यांच्या वाणाला ६० दिवस लागतात त्यांनी "दिव्यांच्या अवसेच्या आधीचा आठवडा" एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं. फक्त अधिक मास मध्ये आला तर हा हिशेब मोडतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता आणि तेच अंतर ९९ दिवसांचं झालं. यंदाचा अधिक महिना ज्येष्ठाचा होता, तो आषाढाच्या आधीच सरला. त्यामुळे यंदा काळजी नाही.

"सर, घाईने जुलैच्या मध्यावर लावलं तर काय बिघडेल? आधी फुलं येतील, जास्त दिवस तोडे मिळतील." कॅलेंडर उघडा. १५ जुलैची लागवड १३ सप्टेंबरच्या सुमाराला फुलावर येते. गणेश चतुर्थी १४ तारखेची. पहिले हलके तोडे गणपतीत खपतील, ठीक आहे. पण झाड पूर्ण भरात येईल तेव्हा २७ सप्टेंबरला पितृपंधरवडा लागलेला असेल आणि तो १० ऑक्टोबरपर्यंत चालेल. त्या दिवसांत शुभकार्यं नाहीत, फुलांना उठाव नाही. म्हणजे तोडणीची मजुरी पूर्ण आणि भाव पडलेला. दसरा येईपर्यंत झाड थकतं, फूल बारीक होतं. ज्याला गणपतीचा बाजार धरायचाय त्याने जूनच्या अखेरीला लावावं, ज्याला दसरा धरायचाय त्याने ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याकडे बघावं. मधली तारीख दोन्हीकडून मार खाते.

दिवाळीचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, दसऱ्यानंतर १९ दिवसांनी. दसऱ्याची लागवड नीट जपली तर दिवाळीतही फूल देते. तरीही दहा गुंठ्यांतले तीन-चार गुंठे मागे ठेवून ते २७ ऑगस्टच्या आसपास, नारळी पौर्णिमेच्या सुमाराला लावावेत असं माझं मत आहे. दसऱ्याच्या आठवड्यात परतीच्या पावसाने फुलं भिजली की भाव निम्म्यावर यायला वेळ लागत नाही. सगळा माल एकाच तारखेवर लावणं हा धंदा राहत नाही, तो मटका होतो.

रोपाची स्वतःची एक्स्पायरी

बाजाराची तारीख ठरली. पण रोपालाही स्वतःचं घड्याळ आहे, आणि नवख्या माणसाचे पैसे बहुतेक वेळा इथं जातात.

१०४ कप्प्यांच्या ट्रेमध्ये एका रोपाला किती कोकोपीट मिळतं? जेमतेम चमचा-दोन चमचे. पहिले तीन आठवडे तेवढं पुरतं. वीस ते पंचवीस दिवसांचं रोप, चार-पाच खरी पानं, वितीपेक्षा कमी उंची, खोड जाडसर, ही लागवडीची बरोबर वेळ. त्यानंतर आठवडाभर रोप तग धरतं. पुढं मुळं कप्प्यात गोल-गोल फिरायला लागतात, खालची पानं पिवळी पडतात, रोप उंच आणि लुकडं होतं. आणि जागा अपुरी पडली की झेंडू चक्क ट्रेमध्येच कळी धरतो. बघणाऱ्याला वाटतं, वा, कळीसकट रोप मिळालं! प्रत्यक्षात ते झाड अंग न धरता फुलायला निघालेलं असतं. जमिनीत लावल्यावर ते बुटकं राहतं, फांद्या कमी, फुलं कमी.

तपासायची रीत सोपी आहे. घेण्याच्या आदल्या दिवशी रोपवाटिकेत जा. ट्रेच्या मधलं एक आणि कडेचं एक रोप खालून बोटाने ढकलून बाहेर काढा. कोकोपीट सुटून खाली पडलं तर रोप कच्चं आहे, तीन-चार दिवस थांबा. सगळा गोळा आख्खा आला आणि त्यावर पांढऱ्या मुळांची जाळी दिसली तर घ्या. मुळं तपकिरी होऊन कप्प्याच्या आकारात वळलेली असतील तर रोप जुनं आहे. ऑगस्टच्या शेवटी असे ट्रे फार स्वस्तात मिळतात, कधीकधी "घेऊन जा, काय द्यायचं ते द्या" असंही म्हणतात. पस्तीस दिवसांच्या पुढचं रोप फुकट मिळालं तरी घेऊ नका. दहा गुंठ्यांना दोन हजार रोपं लागतात असं धरा. समजा एका रोपाला ३ रुपये पडतात, म्हणजे ६००० रुपये. ते वाचवायला जाल आणि शेणखत, मजुरी, ठिबक, फवारणी हा सगळा खर्च त्याच बुटक्या झाडांवर कराल. रोप हा या धंद्यातला लहान खर्च आहे, बाकीचे मोठे खर्च त्याच्या जिवावर उभे आहेत.

दोन हजार कसे आले? चार फुटांवर सरी आणि दोन रोपांत दीड फूट अंतर, म्हणजे एका झाडाला ६ चौरस फूट. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा, त्यात १८१ झाडं बसतात. दहा गुंठ्यांत १८१० झाली. वर दहा टक्के मर आणि नांग्यांसाठी. १०४ कप्प्यांचे वीस ट्रे घेतले की २०८० रोपं होतात, काम झालं.

आता खरी अडचण. ८ ऑगस्टला रोप तयार, तुम्ही तयार, आणि पाऊस उघडायचं नाव घेत नाही. काळ्या रानात पाय घोट्यापर्यंत जातोय. यावर उपाय त्या दिवशी सापडत नाही, तो जुलैमध्ये करून ठेवायचा असतो. बी एकदम टाकू नका. निम्मं १३ जुलैला टाका, निम्मं २० ला. म्हणजे ऑगस्टच्या ४ तारखेपासून २० तारखेपर्यंत कधीही पावसाने दोन दिवस उघडीप दिली तरी तुमच्याकडे बरोबर वयाची निदान एक बॅच असते. रोपवाटिकेतून घेत असाल तर दोन तारखांची डिलिव्हरी मागा. बहुतेक जण देतात, आधी बोलावं मात्र लागतं. गादीवाफे जुलैच्या उघडिपीतच ओढून ठेवा, ऐन वेळी चिखलात बेड होत नाहीत.

लावायच्या आधीचे पाच दिवस

शेडनेटखाली वाढलेलं रोप म्हणजे एसीत बसणारा नवा सेल्समन. त्याला एकदम रस्त्यावर उभं केलं तर दुपारपर्यंत मान टाकतो. शेवटचे चार-पाच दिवस ट्रे शेडनेटच्या बाहेर काढा. पहिल्या दिवशी फक्त सकाळचं ऊन, मग वाढवत न्या. पाणी थोडं कमी करा, पण सुकवू नका. १९:१९:१९ वगैरे खत या दिवसांत बंद. रोप थोडं खरबरीत, गडद आणि आखूड दिसायला लागलं की ते रानात टिकेल. विकत घेतलेल्या रोपांबाबत "शेडनेटबाहेर किती दिवस होती?" हा प्रश्न विचारून घ्या. उत्तर "आजच काढली" असं आलं तर घरी आणून झाडाच्या विरळ सावलीत तीन दिवस ठेवा.

प्रत्यक्ष लागवड

बेड एक फूट उंच, वर सपाट, मध्ये पाणी न साचणारा. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत थोडा कमी चालेल, काळ्या जमिनीत तडजोड नको. झेंडूला दुष्काळापेक्षा साचलेलं पाणी लवकर मारतं. चांगलं कुजलेलं शेणखत बेडमध्ये आधीच मिसळलेलं असावं. ताजं शेण नको, त्यातून हुमणी येते. युरियाचा हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की झाड कमरेएवढं होतं, शेजारी कौतुक करतात आणि फुलं उशिरा येतात. आपल्याला कौतुक नको, १७ तारखेचा तोडा हवाय.

जमीन वाफशावर असताना लावायचं. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि टिचकी मारली की फुटावा. वेळ दुपारी चारनंतरची, किंवा ढगाळ दिवस असेल तर कधीही. लावण्याआधी तासभर ट्रेला पाणी द्या, म्हणजे गोळा अख्खा निघतो. रोप खोडाला धरून उपटू नका, खालून ढकलून काढा.

खड्डा गोळ्यापेक्षा थोडाच खोल. कोकोपीटचा वरचा भाग मातीने पूर्ण झाकला पाहिजे, यावर माझा फार कटाक्ष असतो. कोकोपीट उघडं राहिलं तर वाऱ्याने ते आधी वाळतं आणि गोळ्यातलं पाणी ओढून घेतं. भोवतीची माती ओली आणि रोप मात्र तहानलेलं, असा प्रकार होतो. झेंडूच्या खोडाला मातीखाली नवी मुळं फुटतात, त्यामुळे रोप थोडं लांबलं असेल तर बोटभर जास्त खोल लावलं तरी चालतं. काळ्या, ओल्या रानात मात्र त्याहून खोल नको, खोड कुजतं. कडेची माती दोन बोटांनी हलकी दाबा. पायाने दाबणाऱ्या गड्याला तिथल्या तिथे थांबवा. लगेच हलकं पाणी द्या, पाऊस येणार असं वाटत असलं तरी.

ट्रेमध्ये धरलेली कळी असेल तर लावतानाच खुडून टाका. जीवावर येतं, पण टाका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ट्रायकोडर्माची आळवणी करा, प्रमाण पाकिटावर असतं. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी एक फेरी. मेलेल्या रोपांच्या जागी सात-आठ दिवसांच्या आत नांग्या भरायच्या, त्याच बॅचच्या राखून ठेवलेल्या रोपांनी. पंधरा दिवसांनी भरलेलं रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत दबतं आणि त्याचा माल दसऱ्याला येत नाही. म्हणून आठव्या दिवसानंतर मी रिकामी जागा रिकामी सोडायला सांगतो.

शेंडा खुडायचा की नाही

लागवडीनंतर साधारण २५ ते ३० दिवसांनी मधला शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलांची संख्या वाढते. त्याची किंमत म्हणजे पहिलं फूल आठवडाभर, कधी दहा दिवस लांबतं. आपण ६० दिवसांत हे धरलेलंच आहे. ८ ऑगस्टला लावलं असेल तर ५ सप्टेंबरच्या आसपास निर्धास्त खुडा. पावसामुळे लागवड १८-२० ऑगस्टवर गेली असेल तर खुडू नका. थोडी कमी फुलं, पण दसऱ्याच्या आत. खुडून बसलात तर जास्त फुलं येतील, दसऱ्यानंतर. हा निर्णय तारीख बघून घ्यायचा, शेजाऱ्याने खुडलं म्हणून नाही.

जमीन नसलेल्यांसाठी दोन शब्द

बरेच जण विचारतात, "आमच्याकडे शेत नाही, फक्त गच्ची किंवा घरामागची दोन गुंठे जागा आहे." मग फुलं विकू नका, रोपं विका. यात तुमची डिलिव्हरी डेट दसरा नसते, ती शेतकऱ्याच्या लागवडीची तारीख असते, म्हणजे ऑगस्टचा पहिला पंधरवडा. तुमचा माल बाविसाव्या दिवशी तयार होतो आणि तिसाव्या दिवशी जुना होतो. विक्रीला फक्त आठ दिवस मिळतात. म्हणून अंदाजाने ट्रे भरत सुटू नका. जूनअखेरपासून गावोगाव फोन करा, किती रोपं आणि कुठली तारीख हे वहीत लिहा, निम्मा ॲडव्हान्स घ्या आणि तेवढंच बी टाका. वर दहा टक्के. पाऊस आला म्हणून गिऱ्हाईक आठ दिवस थांबायला सांगतं तेव्हा ॲडव्हान्स दिलेला माणूस परत येतो, न दिलेला येईलच असं नाही. आणि प्रत्येक ट्रेवर बी टाकल्याची तारीख मार्करने लिहा. एवढ्या एका गोष्टीने गिऱ्हाईकाचा विश्वास बसतो, कारण रोपाचं वय लपवणारे बाजारात खूप आहेत.

उरलेली रोपं? आठव्या दिवशी जी उरली ती सहा-आठ इंची कुंडीत हलवा, शेंडा खुडा आणि नवरात्रात फुललेली कुंडी म्हणून शहरात विका. कुंडीत जागा मिळाली की पंचवीस-अठ्ठावीस दिवसांचं रोप पुन्हा सावरतं. त्याहून जुनी कंपोस्टमध्ये.

या आठवड्यात करायचं काम सांगतो: वाण ठरवा, त्याचे दिवस विचारून घ्या, ७ ऑक्टोबरपासून मागे मोजून तुमच्या दोन पेरणी तारखा कॅलेंडरवर लिहा आणि रोपवाटिकेला फोन लावा. जमीन कुठली, वाण कुठला आणि विक्री कुठल्या बाजारात, या तीन गोष्टी लिहून पाठवल्यात तर तारखा मी तपासून देईन.